मोसंबीचा मार्मालेड घट्ट का होत नाही?

प्रश्न : जालना एमआयडीसीतल्या एका वाचक भगिनींनी घरच्या मोसंबीचा मार्मालेड केला. तो पातळच राहिला. काय चुकलं?

उत्तर : गोम मोसंबीच्या गोडव्यात आहे. इंग्लंडमध्ये मार्मालेडसाठी स्पेनमधली सेव्हिल जातीची कडू-आंबट संत्री वापरतात. भौगोलिक मानांकन मिळवलेल्या जालन्याच्या मोसंबीत आम्ल कमी, आणि पुरेशा आम्लाशिवाय पेक्टिन, म्हणजे फळातला घट्टपणा आणणारा घटक, जमत नाही.

म्हणून किलोभर मोसंबीला तीन-चार लिंबांचा रस हवाच. बिया आणि सालीआतला पांढरा भाग अजिबात फेकू नये, पेक्टिन मुख्यतः त्यातच असतं. ते मलमलच्या पुरचुंडीत बांधून सालीच्या बारीक कातरणांसोबत पाण्यात उकळावं. साल बोटाने चिरडेल इतकी मऊ झाल्यावरच साखर घालावी, आधी घातली तर साल चिवट राहते.

शेवटी थंड बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलावा. सुरकुती पडली की गॅस लगेच बंद करावा.