पोट धरून बसू नकोस

अगं, पाळी आली की कॉलेज बुडवायचं, पोटाशी उशी घेऊन पडायचं आणि कुणी विचारलं तर ‘अ‍ॅसिडिटी’ सांगायचं, हे आता पुरे. परवा मोबाइलवर ते चिनी दाबबिंदू पाहून तू विचारलंस, “ताई, खरं असते का वं हे?” बरं झालं विचारलंस.

चिनी वैद्यांचं म्हणणं असं, की जिथे प्रवाह अडतो तिथे दुखतं. गर्भाशयात गारठा शिरला, रक्त साकळलं की कळा येतात. म्हणून सुया टोचायच्या, बिंदू दाबायचे, नाहीतर दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीची वाळली पानं जाळून ऊब द्यायची. तिकडे घरोघरी आलं आणि तपकिरी साखरेचा गरम काढा असतोच. आपली आजी सुंठ-गूळ देते, तेच की! हिमालयाच्या अलीकडच्या-पलीकडच्या आज्या एकाच शाळेत शिकल्या असाव्यात.

डॉक्टर कारण वेगळं सांगतात. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन सुटतं, स्नायू आवळतात, रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळ उठते. पण शेकण्याबाबत दोघांचंही जमतं. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी खुशाल ठेव, फक्त कातडी भाजू देऊ नकोस.

आता दाबायचा बिंदू. पायाच्या आतल्या घोट्याच्या हाडाच्या वर तुझीच चार बोटं आडवी ठेव. ती संपतात तिथे, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला अंगठ्याने दाबून बघ. जरा ठणकलं की जागा सापडली. दोन्ही पायांना काही मिनिटं सोसवेल इतकाच दाब दे. वहिनीला मात्र सांगू नकोस, तिला दिवस गेलेत. गरोदरपणात हा बिंदू टाळतात.

बिंदू दाबून दुखणं हमखास थांबतं का? तसं नाही. 2016 मध्ये वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने या विषयावरचे अभ्यास तपासले आणि ठाम काही म्हणण्याइतका पुरावा नाही असं सांगितलं. पण दाबायला पैसे लागत नाहीत. आराम पडला तर घे, नाही पडला तर सोड.

सुया टोचून घ्यायच्या असतील तर गोष्ट वेगळी. तशी ही विद्या आपल्याला परकी नाही. 1938 मध्ये वैद्यकीय मदतीसाठी चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस होते, आपल्या नागपूरचे चोळकरही होते. त्यांच्यातलेच डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले आणि ही विद्या शिकून आले. महाराष्ट्रात तर अ‍ॅक्युपंक्चरसाठी 2015 चा वेगळा कायदाच आहे. म्हणून सुया टोचणाऱ्याची नोंदणी आहे का ते बिनधास्त विचार आणि सुई तुझ्यासमोर नव्या पाकिटातून काढायला लाव. चिनी जडीबुटीच्या कॅप्सूल मात्र ऑनलाइन मागवू नकोस. त्यांच्याकडे पाळीसाठी प्रसिद्ध असलेलं ‘डांगग्वे’ रक्त पातळ करण्याच्या औषधांसोबत घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो.

मेफेनॅमिक अ‍ॅसिडची वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर घेतलीस तर त्यात कमीपणा काही नाही. गोळी घेऊन अंगावर पुरळ किंवा ताप आला तर मात्र ती लगेच बंद करायची आणि दवाखाना गाठायचा.

आणि दुखणं महिन्यागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, तासाभरात पॅड भिजत असेल, तर बिंदू दाबत बसू नकोस. एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा गाठ असू शकते. आपल्या नेर गावात सोनोग्राफीची सोय झाली नाही तर यवतमाळला जाऊ. आईशी मी बोलते. तू फक्त पाळीच्या तारखा आणि कोणत्या दिवशी किती दुखलं ते वहीत लिहून ठेव, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.