वेदोक्त प्रकरणाचा धडा
धम्मबंधूंनो, कोल्हापूरचीच गोष्ट घ्या. 1674 साली रायगडावर गागाभट्टांनी शिवरायांचा राज्याभिषेक वेदोक्त मंत्रांनी केला. त्यांच्याच घराण्यातील शाहू महाराजांना मात्र राजोपाध्यांनी वेदोक्त नाकारले. कलियुगात क्षत्रियच उरले नाहीत म्हणे! मग खरे शास्त्र कोणते, रायगडावरचे की पंचगंगेकाठचे? महाराजांचा विश्वास उडाला. 1902 साली त्यांनी राजोपाध्यांचे इनाम खालसा केले. 1920 साली मराठा क्षात्रजगद्गुरू नेमला. जगद्गुरू बदलला, पीठ राहिलेच. बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात पीठाचीच वाट सोडली. ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून न घेण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आहे. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. वाचकहो, हीच कसोटी भन्तेजींच्या प्रवचनालाही लागू आहे. तिथे आपली जीभ का अडखळते?