थंडीची रात्र आणि कलमाचा जोड

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीपासून जालन्याकडे जाऊ लागले म्हणजे मोसंबीच्या बागा दृष्टीस पडतात. डिसेंबर-जानेवारीत इकडे पारा कधी 10 अंशांच्याही खाली उतरतो. मोठे झाड ही थंडी सोसते. परंतु वर्षादोन वर्षांचे कलम जपावे लागते.

निरभ्र, निवांत रात्री जमिनीची ऊब आकाशाकडे निघून जाते आणि गार हवा जड असल्यामुळे सखल भागी साचते. यास्तव खोलगट जागी कलम लावू नये. ओलसर जमीन दिवसा अधिक ऊब साठविते; म्हणून थंडीची लाट येण्यापूर्वी कोवळ्या कलमांस हलके पाणी द्यावे. आंबे बहारासाठी ताणावर ठेवलेल्या झाडांस मात्र ते देऊ नये. कलमावर कडब्याचे खोपटे करून आग्नेयेची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन आत येते.

अमेरिकेतील टेक्सास प्रांतात पाणी गोठविणारी थंडी पडते. तेथील बागाईतदार हिवाळ्यापुरती बुंध्याभोवती, कलमाच्या जोडाच्याही वर, माती चढवितात व पुढे ती काढून टाकतात. शेंडा मेला तरी मातीत झाकलेला कलमाचा भाग जगावा, हा हेतू. आपल्या काळ्या जमिनीत असे करू नये; ओली माती जोडाला लागून राहिल्यास डिंक्या रोग जडतो. जोड जमिनीपासून वीतभर वर मोकळा ठेवावा आणि बुंध्यास बोर्डो मलम लावावा. त्याचे प्रमाण 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी असे आहे.

आता मुख्य गोष्ट. मोसंबीचा डोळा जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. थंडीने कलम करपले तर घाईने कुऱ्हाड लावू नये. नवी पालवी फुटेपर्यंत थांबावे. मग फूट जोडाच्या वर आहे की खाली, हे पाहावे. वरची फूट मोसंबीची, ती राखावी. खालची फूट खुंटाची; ती जोमाने वाढते, पण फळ आंबट देते. ती वेळीच काढली नाही तर झाड हिरवेगार दिसते आणि मोसंबी मात्र नाहीशी झालेली असते.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 11व्या अध्यायात जैतुनाच्या कलमाचा दृष्टांत दिला आहे. आपणही कृपेने जोडलेले आहोत. दुष्काळ, आजार किंवा भाऊबंदांचा अबोला ही आपली थंडीची रात्र होय. तीनंतर आपल्यात क्षमा फुटते की जुना वैरभाव, हे आपण तपासावे. आणि उपदेशक बंधूंनो, मंडळीतील कोणी कोमेजलेला दिसला तर त्यास लगेच तोडू नका. पालवीची वाट पाहा.

वर्गासाठी प्रश्न: 1. जोडाखालची फूट का काढावी? 2. आपल्या घरी अशी कोणती फूट वाढत आहे?