प्रेक्षकांचे अपशब्द व खेळाडूचे वर्तन
(इयत्ता ५ वी ते ७ वी : शारीरिक शिक्षण व नागरिकशास्त्र यांचा संयुक्त पाठ)

केंद्र व तालुका पातळीवरील क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले की माढा तालुक्यातील गावोगावच्या शाळांतून कबड्डी, खो-खो व कुस्ती यांचा सराव सुरू होतो. शिक्षक चढाई शिकवितात, पकड शिकवितात, खांबाला वळसा कसा घ्यावा हे स्वतः करून दाखवितात. परंतु सामना रंगात आला असता मैदानाच्या कडेने जे शब्द कानी पडतात, ते ऐकून काय करावे, हे मात्र बहुधा शिकविले जात नाही. रंगावरून, जातीवरून, बापाच्या धंद्यावरून आणि मुलगी असल्यास तिच्या पोशाखावरून केलेली टवाळी लहान मुलांना ऐकावी लागते. एखादे मूल त्यामुळे मैदानाकडे कायमची पाठ फिरविते. दुसरे एखादे हातघाईवर येते आणि मग शिक्षा त्या मुलालाच होते. हे दोन्ही प्रकार टाळण्यास साहाय्य व्हावे, या उद्देशाने पुढील पाठ सुचविला आहे.

पाठाचा हेतू

अपमान झाला असता खेळाडूने तो मुकाट्याने गिळू नये व स्वतः मारामारीही करू नये. तो अधिकारी व्यक्तीच्या कानी घालावा आणि पुन्हा खेळाकडे वळावे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना पटवून देणे. तसेच प्रेक्षक या नात्याने आपलेही काही कर्तव्य आहे, याची त्यांना जाणीव करून देणे.

प्रस्तावना

शिक्षकांनी प्रथम दोन-तीन सोपे प्रश्न विचारावेत. सामना पाहताना आपण काय काय ओरडतो? त्यांपैकी कोणते शब्द खेळाविषयी असतात व कोणते खेळाडूच्या देहाविषयी किंवा घराण्याविषयी असतात? उत्तरे फळ्यावर दोन रकान्यांत लिहावीत. अपशब्द मात्र फळ्यावर लिहू नयेत. त्या जागी केवळ रेघ ओढावी. रेघांची संख्या पाहूनच मुलांना पुष्कळ काही उमजेल.

विषयविवेचन

यानंतर पुढील हकीकत सांगावी. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे १९८८ साली जन्मलेला अजिंक्य रहाणे हा जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर भारतीय संघाचे नेतृत्व करीत होता. तिसरा कसोटी सामना सिडनी येथे होता. त्या संघात हैदराबादचा तरुण गोलंदाज मोहम्मद सिराज होता. त्याचे वडील रिक्षा चालवीत असत. दौरा सुरू असतानाच, नोव्हेंबर २०२० मध्ये, त्यांचे निधन झाले होते. तरीही सिराज संघासोबतच राहिला होता. अशा मनःस्थितीत सीमारेषेवर उभा असताना त्याला व जसप्रीत बुमरा यास काही प्रेक्षकांकडून वंशावरून शिवीगाळ ऐकावी लागली.

तिसऱ्या दिवसाचा खेळ संपल्यावर भारतीय संघाने रीतसर तक्रार नोंदविली. चौथ्या दिवशी, १० जानेवारीस, तोच प्रकार पुन्हा घडताच सिराज सीमारेषेवरून आत आला आणि त्याने कर्णधारास व पंचांस सांगितले. सुमारे दहा मिनिटे खेळ थांबला. सहा प्रेक्षकांना मैदानाबाहेर काढण्यात आले. हवे असल्यास मैदान सोडण्याची मुभा पंचांनी दिली होती, असे सिराजने पुढे सांगितले. परंतु आपल्या हातून काही चूक घडलेली नाही, तेव्हा आपण खेळणारच, असा निर्णय रहाणे याने घेतला.

येथे शिक्षकांनी क्षणभर थांबावे व घटनेचा क्रम मुलांकडून वदवून घ्यावा. सिराजने प्रेक्षकांना उलट शिवी दिली नाही. तो गप्पही बसला नाही. त्याने सांगितले, कर्णधाराने त्याचे म्हणणे खरे मानून त्याची बाजू घेतली, पंचांनी खेळ थांबविला. या तिघांपैकी एकानेही कसूर केली असती, तर त्या तरुणावर एकट्यानेच तो अपमान सोसण्याची पाळी आली असती.

पुढची हकीकतही बोधप्रद आहे. सिडनीच्या सामन्यात अखेरच्या दिवशी हनुमा विहारी व रविचंद्रन अश्विन हे दोघेही दुखापतग्रस्त असताना चाळीसहून अधिक षटके खेळपट्टीवर टिकून राहिले व सामना अनिर्णित राहिला. नंतर ब्रिस्बेन येथील सामन्यात सिराजने दुसऱ्या डावात ७३ धावांत ५ बळी घेतले आणि १९ जानेवारी रोजी भारताने तो सामना व मालिकाही जिंकली. मुंबईस परतल्यावर रहाणे याच्या स्वागतासाठी कांगारूची आकृती असलेला केक आणला होता. कांगारू हे ऑस्ट्रेलियाचे मानचिन्ह. विजय मिळाला तरी प्रतिस्पर्ध्याचा मान राखला पाहिजे, या विचाराने त्याने तो कापला नाही. ज्या देशातील काही प्रेक्षकांनी आपल्या सोबत्यास शिव्या दिल्या, त्या देशाचा त्याने अपमान होऊ दिला नाही, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी स्वतःसाठी ध्यानात ठेवावी. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने क्षमा मागितली व चौकशीअंती शिवीगाळ झाल्याचे मान्य केले. पण वृत्तपत्रांतून ज्यांची छायाचित्रे झळकली होती, त्या प्रेक्षकांनी ती केली नव्हती, असेही त्याच चौकशीत आढळले. गर्दीतून आलेला आवाज कोणाचा, हे ठरविणे कठीण असते. म्हणून वर्गात कोणी अपशब्द उच्चारल्यास चौकशी शांतपणे करावी. सबंध बाकाला शिक्षा करू नये.

तुलना

केवळ परक्यांचे दोष दाखवून पाठ संपविल्यास तो अपुरा राहील. ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर काही प्रेक्षकांनी ऑस्ट्रेलियाचा कृष्णवर्णीय वंशाचा खेळाडू अँड्र्यू सायमंड्स यास माकडाचे हावभाव करून हिणविले होते. ते प्रेक्षक आपलेच होते. त्याच मैदानावर १ एप्रिल २०२४ रोजी मुंबई संघाचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या याची स्वतःच्याच संघाच्या चाहत्यांनी हुर्यो उडविली. रोहित शर्माच्या जागी त्यास कर्णधार नेमल्याचा तो राग होता. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांस नीट वागण्याची समज द्यावी लागली. सामना चालू असता ज्याच्या प्रेमापोटी हा गलका चालला होता, त्या रोहितनेच हाताने खूण करून लोकांना थांबण्यास सुचविले. पंड्याने प्रेक्षकांशी वाद घातला नाही. त्याच वर्षी २९ जून रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक त्यानेच टाकले व भारत ७ धावांनी विजयी झाला. ४ जुलै रोजी वानखेडेवर विजयी संघाचे स्वागत झाले, तेव्हा तेथील लोक त्याच्या नावाचा जयघोष करीत होते.

याउलट, १९९७ साली टोरांटो येथे पाकिस्तानचा इंझमाम-उल-हक हा चिडविणाऱ्या प्रेक्षकाच्या अंगावर धावून गेला व त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. चिथावणी दुसऱ्याने दिली, पण नुकसान खेळाडूचे व संघाचे झाले.

मात्र विद्यार्थ्यांना एक गैरसमज होऊ देऊ नये. पुढे यश मिळाले म्हणून सिराजची तक्रार योग्य ठरली, असे नव्हे. ब्रिस्बेन येथे त्यास एकही बळी मिळाला नसता, तरी ती तितकीच योग्य होती. पराभूत मुलाचाही मान राखला गेला पाहिजे.

उपयोजन

१. स्पर्धेपूर्वी प्रत्येक खेळाडूस सांगावे : 'कोणी अपशब्द वापरल्यास कर्णधारास सांग, कर्णधार पंचांस सांगेल, आणि मी तुझ्यामागे उभा आहे.' हे शेवटचे वाक्य शिक्षकांनी वगळू नये.
२. पंच म्हणून काम करणाऱ्या शिक्षकांनी तक्रार येताच खेळ थांबवावा. 'लक्ष देऊ नकोस' असे म्हणून मुलास परत पाठवू नये.
३. जातीवरून केलेला अपमान ही थट्टा नव्हे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीस चारचौघांत जातिवाचक शिवी देणे हा गुन्हा आहे, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे.
४. न खेळणाऱ्या मुलांना प्रेक्षकांचे काम शिकवावे. प्रतिस्पर्धी शाळेच्या चांगल्या चढाईसही टाळी द्यावयाची, असा नियम सरावातच लावावा.

आवृत्तीचे प्रश्न

१. सिराजने प्रथम कोणास सांगितले व का?
२. मैदान सोडण्याची मुभा असूनही संघ का खेळला?
३. रहाणे याने केक का कापला नाही?
४. आपल्या शेजारी बसलेला मित्रच अपशब्द बोलू लागला, तर तुम्ही काय कराल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना घाईने सांगून टाकू नये. त्यांना विचार करू द्यावा. यात्रेच्या कुस्त्यांच्या फडात किंवा शाळेच्या मैदानावर जमणारी उद्याची गर्दी आज आपल्याच वर्गात बसलेली आहे. तिला टाळी केव्हा वाजवावी व तोंड केव्हा आवरावे हे येथेच शिकविता येईल.