शून्याला कितीनेही गुणा…

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या बाई माझा निबंध तपासायच्या तेव्हा वहीत माझ्या निळ्या शाईपेक्षा त्यांची लाल शाई जास्त दिसायची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता, कारण डिफरन्शियल नावाची गोष्ट मला पुस्तकात नाही, करमाडच्या शेतात कळली. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत त्यावर आठ मार्कांचं उत्तर मी लिहिलं होतं, आकृतीसकट. तरीही मला ती कळलेली नव्हती!

गोष्ट सुरू होते माझ्या चुलतभावापासून. दादा वाळूजला एका कारखान्यात नोकरी करतो. 2001 साली आमच्या शेजारी, शेंद्र्याला, स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि तिथून ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागल्या. दादा तेव्हा शाळेत होता. जालना रोडवर उभं राहून ट्रेलरवरच्या नव्या गाड्या मोजणं हा त्याचा खेळ. 2004 मध्ये ऑक्टाव्हियाची आरएस आली. 1.8 लिटरचं टर्बो इंजिन आणि दीडशेच्या आसपास अश्वशक्ती! त्या काळात आपल्या रस्त्यावर अशी गाडी म्हणजे चेष्टा नव्हती. दादाने तेव्हाच ठरवलं होतं. वीस वर्षं गेली, लग्न झालं, मुलगी झाली, आणि शेवटी साठवलेल्या पैशातून त्याने एक जुनी आरएस घेतली.

गाडी झकास. पण एक तक्रार. वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की आतलं पुढचं चाक जागेवरच गरगर फिरतं, आणि पावसात तर विचारूच नका. एका मेकॅनिकने त्याला उपाय सांगितला : "डिफरन्शियलचे आतले गिअर वेल्डिंग करून टाकू, दोन्ही चाकं एकदम फिरतील." स्वस्तात मस्त. दादाने मला फोन केला. "तू इंजिनियर होणार ना? सांग, करू का?"

मी हॉस्टेलच्या गच्चीवर होतो, चार मित्र ऐकत होते. मी ऐटीत म्हणालो, "कर ना दादा, रेसिंगवाले करतातच."

हे वाक्य मला पुढे फार महागात पडणार होतं.

काकांचं लेक्चर

पोळ्याच्या सुट्टीत मी करमाडला गेलो. आदल्या रात्री धो धो पाऊस झालेला. काका ट्रॅक्टर घेऊन शेतातून निघाले आणि बांधाजवळ मागचं एक चाक काळ्या मातीच्या राड्यात गेलं. ते चाक भिंगरीसारखं फिरतंय, चिखल उडतोय, आणि दुसरं चाक कोरड्या कडक जमिनीवर असून ढिम्म! काकांनी शांतपणे टाचेखालचं एक पेडल दाबलं. दोन्ही चाकं एकदम फिरली आणि ट्रॅक्टर बाहेर.

ते पेडल म्हणजे डिफरन्शियल लॉक. मी म्हटलं, "काका, मग हे कायमच लावून का ठेवत नाही?"

काका हसले. मोकळ्या जागेत नेऊन म्हणाले, "आरं, लॉक दाबून वळवून बघ, मंग कळंल." मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं. पुढची चाकं वळली, पण ट्रॅक्टर सरळच चालला, थेट बाभळीकडे. काकांनी "सोड! सोड!" करून लॉक सोडायला लावलं म्हणून बरं. "सरळ चालताना लॉक. वळायच्या आधी सोडायचं. नाहीतर आतला गिअर तरी जाईल, नाहीतर बांध तरी."

माझ्या पोटात एकदम गोळा आला. दादाची गाडी सोमवारी मेकॅनिककडे जाणार होती. वेल्डिंग केलेल्या गाडीला सोडायला पेडल नसतं. आणि तिच्यात वहिनी आणि छोटी परी मागे बसणार होत्या. मी तिथूनच दादाला फोन लावला. "दादा, थांब. मला माहीत नसताना मी हो म्हणालो."

त्यानंतर मात्र मी खरा अभ्यास केला. तो पुढे देतो.

दोन चाकांची गोष्ट

26 जानेवारीची परेड आठवा. रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागेवर कदमताल करतो आणि बाहेरचा पळतो. गाडीचंही तसंच. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे 2.36 मीटर जास्त चालावं लागतं. दोन्ही एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एकाला घसरावंच लागेल. म्हणून डिफरन्शियल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्यूर याने तो वाफेच्या गाडीसाठी वापरला, तो काळ 1827-28 चा. म्हणजे पेट्रोलच्या मोटारीच्याही आधीचा!

पण साध्या डिफरन्शियलचा एक स्वभाव आहे. तो दोन्ही चाकांना वेग वेगवेगळा घेऊ देतो, टॉर्क मात्र सारखाच वाटतो. एका चाकाखाली पकड नसेल तर ते जेवढा टॉर्क घेऊ शकतं तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. कोरड्या जमिनीवरचं चाक ढिम्म का होतं, ते इथे कळतं. शिक्षा एकाच्या चुकीची, भोगतो दुसरा. हॉस्टेलच्या दंडासारखं!

आता हिशेब करू. आकडे सोयीचे घेतले आहेत. पुढच्या दोन चाकांवर मिळून 810 किलो वजन. वळताना आतल्यावर 250, बाहेरच्यावर 560. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक 0.8. म्हणजे आतलं चाक 200 किलोचा जोर पेलेल, बाहेरचं 448 चा.

साधा डिफरन्शियल : 200 + 200 = 400.

लिमिटेड स्लिप, जो पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या अडीचपट टॉर्क देऊ शकतो : बाहेरच्याला 500 पर्यंत मिळू शकतो, ते पेलतं 448. एकूण 648.

म्हणजे इंजिनला हात न लावता दीडपटीहून जास्त जोर रस्त्यावर! दादाची आतल्या चाकाची तक्रार इथे मिटते.

प्रकार किती आणि कुणासाठी?

1) वेल्डिंग किंवा कायमचा लॉक. मातीच्या ट्रॅकवर चालून जातं, कारण तिथे चाक सहज घसरतं. डांबरी रस्त्यावर टायर झिजतात, अ‍ॅक्सलवर ताण येतो, आणि पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत तर स्टिअरिंगच वळायला नकार देतं. घरच्या गाडीला साफ नाही.

2) प्लेटचा. यात क्लचसारख्या चकत्या असतात. जोर वाढला की त्या एकमेकींवर दाबल्या जातात. 1935 मध्ये फर्डिनंड पोर्श यांनी ऑटो युनियनच्या रेसिंग गाडीसाठी झेडएफ कंपनीकडून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बनवून घेतला, कारण त्या गाडीचं एक मागचं चाक भलत्याच वेगालाही फिरत राहायचं. प्लेटच्या प्रकारात मुळातच थोडा दाब भरून ठेवता येतो, त्यामुळे एक चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याला काहीतरी मिळतं. हवा तसा कमी-जास्त घट्ट करता येतो. पण चकत्या झिजतात, ठराविक तेल लागतं, आणि पुढच्या चाकांना लावला तर स्टिअरिंग हातातून ओढतं. मागच्या चाकांनी चालणाऱ्या आणि ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला उत्तम.

3) हेलिकल गिअरचा. यात चकत्याच नाहीत. तिरक्या दातांचे गिअर जोर आला की घराच्या भिंतीवर दाबले जातात आणि टॉर्क आपोआप पकड असलेल्या चाकाकडे जातो. इंग्लंडच्या क्वाईफ कंपनीचा एटीबी याच जातीचा. अमेरिकेच्या व्हर्नन ग्लीझमन यांचा टॉर्सन हा त्याचा वर्म गिअरवाला भाऊ. 1980 च्या पहिल्या ऑडी क्वाट्रोत मधला डिफरन्शियल हाताने लॉक करावा लागे, काही वर्षांनी तिथे टॉर्सन आला. हा प्रकार गुळगुळीत चालतो, झीज नगण्य, स्टिअरिंगला त्रास कमी.

4) व्हिस्कस. सिलिकॉन तेलात बुडालेल्या चकत्या. चाक फिरू लागल्यावर मग जागा होतो, म्हणजे थोडा उशिरा.

5) ब्रेकवाला. फिरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटर ब्रेक लावतो, म्हणजे टॉर्क दुसरीकडे जातो. हे वाचून मी काकांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "ह्यात काय नवीन? ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक वेगळाच असतोय. फिरतंय त्या बाजूचा दाबायचा." मी गप्प.

मग शून्याचं काय?

हेलिकल इतका चांगला, तर काकांच्या ट्रॅक्टरला का नाही? इथे खरी मेख आहे. तो गुणाकार करतो. चिखलातलं चाक 40 किलो पेलत असेल तर दुसऱ्याला 100 देईल, एकूण 140. पण चाक हवेत असेल, किंवा राड्यात पकड जवळजवळ शून्य असेल, तर शून्य गुणिले अडीच बरोबर शून्य! तिथे लॉकच पाहिजे. महिंद्राच्या थारमध्ये मागे आपोआप लॉक होणारा डिफरन्शियल मिळतो तो याचसाठी. उलट दादाच्या गाडीचं चाक चिखलात रुतत नाही, ते वळणावर हलकं होतं. तिथे शून्य नाही, 200 आहे. गुणायला काहीतरी आहे.

थोडक्यात, "सगळ्यात भारी कोणता?" हा प्रश्नच चुकीचा. आधी विचारा : माझं कोणतं चाक, कुठे आणि किती पकड सोडतं?

दादाने काय केलं?

सगळा हिशेब कागदावर मांडून मी दादासमोर ठेवला. उत्तर हेलिकल. पण त्याच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये एक गोम आहे. डिफरन्शियलला मोठा गिअर रिव्हेटने बसवलेला असतो. नवा बसवायचा तर गिअरबॉक्स उतरवा, उघडा, रिव्हेट ड्रिलने काढा, त्या जागी चांगले बोल्ट लावा, बेअरिंगचा दाब पुन्हा मोजून शिम घाला. म्हणजे सुट्ट्या भागाइतकीच मजुरी आणि जोखीम. आणि चुकीला माफी नाही.

म्हणून आम्ही क्रम ठरवला. आधी टायर पाहिले. चारही टायर जुने होऊन कडक झालेले निघाले! ते बदलले. मग खालचे फाटलेले बुश आणि इंजिनचे माउंटिंग. एवढ्यानेच निम्मी तक्रार गेली. कारण गुणाकार अडीचचा असो नाहीतर तीनचा, गुणायचा आकडा टायर देतो. क्लच आता संपत आला आहे. तो बदलायला गिअरबॉक्स उतरेलच, तेव्हा एकाच मजुरीत हेलिकल बसेल. दादा दर महिन्याला त्यासाठी थोडे पैसे बाजूला टाकतो.

परवा त्याने मला शेंद्र्यापर्यंत चक्कर मारून आणली. परी मागे बसून "अजून जोरात" म्हणत होती. दादा म्हणाला, "त्या दिवशी फोन केला नसतास तर?" मी काही बोललो नाही.

मित्रांनो, पुढच्या वर्षी आपण इंजिनियर होऊ. लोक आपल्याला विचारतील आणि आपलं ऐकून पैसे, गाड्या, कधी कधी माणसंही पणाला लावतील. तेव्हा "माहीत नाही, पाहून सांगतो" हे वाक्य लाज न बाळगता म्हणता आलं पाहिजे. ते आठ मार्कांच्या उत्तरात येत नाही. मला ते चिखलात उभं राहून शिकावं लागलं.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल