कलेचा आश्रय आणि आश्रयाचे एकक : नंदुरबार जिल्ह्यातील कलाव्यवहाराच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

प्रयोगरूप व दृश्य कलांना आधार देणाऱ्या प्रादेशिक संस्थांचा विचार करताना मराठी अभ्यासकाच्या मनासमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. नोंदणी, सभासद, वर्गणी, कार्यकारी मंडळ, सभागृह, वार्षिक स्पर्धा आणि अहवाल ही त्या चित्राची अंगे होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा नमुना आपल्याकडे रुजला. पूना गायन समाज (१८७४), बॉम्बे आर्ट सोसायटी (१८८८) व अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद (१९०५) ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. मराठी रंगभूमी, संगीत आणि चित्रकला यांच्या इतिहासात अशा संस्थांचे कार्य मोलाचे आहे, याविषयी दुमत नाही.

मात्र हाच नमुना मोजपट्टी म्हणून वापरला, की काही प्रदेश रिकामे दिसू लागतात. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आलेला नंदुरबार जिल्हा त्यांपैकी एक होय. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती बहुसंख्येने आहे. नोंदणीकृत कलासंस्थांची यादी करावयास बसल्यास ती नंदुरबार, शहादा यांसारख्या शहरांपाशीच थांबण्याचा संभव अधिक. सातपुड्यात रात्र रात्र चालणारे नृत्य, गायन, सोंगे आणि देहरंगण या यादीत कोठेच बसत नाहीत. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो, की येथे कलेला आश्रय देणारी संस्था नाही, की ती ओळखण्याची आपली रीतच अपुरी आहे? प्रस्तुत लेखात दुसऱ्या पर्यायाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी ‘आश्रयाचे एकक’ ही कल्पना मध्यवर्ती मानली आहे. आश्रय नेमका कोणाला मिळतो, व्यक्तीला, संचाला की गावाला, यावर कलेचे पुढचे रूप अवलंबून असते, हे येथे दाखवावयाचे आहे.

२. काठीची होळी : गाव ही संस्था

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे सातपुड्यातील मेवासी संस्थानांपैकी एक. संस्थान विलीन झाले तरी तेथील ‘राजवाडी होळी’ आजही दूरवरच्या पाड्यांतील माणसांना एकत्र आणते. होळीपूर्वीचे भोंगऱ्या बाजार, होळीसाठी जंगलातून आणला जाणारा उंच बांबू, रात्रभराचे ढोलवादन व नृत्य आणि पहाटे होळी प्रज्वलित करणे असा तिचा क्रम आहे. या होळीत बावा, बुध्या, मोरखी अशी सोंगे घेणारे पुरुष असतात. बांबूच्या कामट्यांचे व मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरू व वाळलेले दुधी भोपळे, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असा त्यांचा वेष असतो.

वेषाचे हे वर्णन वृत्तपत्रांतून दरवर्षी येते. परंतु त्यामागील व्यवस्थेकडे क्वचितच लक्ष दिले जाते. सोंग घेणारा माणूस येथे ‘कलावंत’ म्हणून उभा नसतो. तो नवस बोललेला, म्हणजेच व्रतस्थ असतो. त्या दिवसांत खाटेवर न झोपणे, ब्रह्मचर्य पाळणे असे नेम त्याला पाळावे लागतात. देहरंगण व शिरोभूषण ही दृश्यकला, पदन्यास व वादन ही प्रयोगकला आणि नेम हे धर्माचरण, अशी विभागणी अभ्यासक आपल्या सोयीसाठी करतो. नवस करणाऱ्याच्या लेखी ते एकच कृत्य असते.

यात संस्थेचे सर्व घटक आढळतात. सदस्यत्व नवसाने मिळते. शिक्षण अनुकरणाने, मोठ्यांच्या मागे नाचत होते. साहित्य जंगलातून व बाजारातून गोळा होते. वेळापत्रक तर विशेष लक्षणीय आहे : सातपुड्यातील निरनिराळ्या गावांच्या होळ्या निरनिराळ्या दिवशी होतात, त्यामुळे नाचणारे एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ शकतात. नागर रंगभूमीवर जे काम दौऱ्याचे व्यवस्थापक करतात, ते येथे पंचांग आणि गावकी मिळून करतात. अशा व्यवस्थेत आश्रयाचे एकक गाव किंवा गावांचा समूह हे असते. त्यातील एखादा बुध्या वेगळा काढून त्याचा गौरव करणे म्हणजे कीर्तनातील एका टाळकऱ्याला उचलून कीर्तनसंस्थेचा गौरव केल्यासारखे होईल.

३. सोंगाड्या पार्टी आणि यात्रा : संच ही संस्था

गावकीबाहेर, व्यवसायाच्या सीमेवर उभा असलेला प्रकार म्हणजे सोंगाड्या पार्टी. गाणी, नाच, सोंगे आणि प्रहसन यांनी युक्त असा हा रात्रभराचा खेळ लग्नकार्यात व जत्रेत होतो. स्त्रीभूमिका पुरुष करतात. संवाद आदिवासी बोलीत असतात व प्रसंगानुसार मराठी, हिंदी, गुजराती यांचा वापर विनोदासाठी होतो. भाषांच्या या सरमिसळीत सीमाप्रदेशातील जगण्याचे भान आहे. अधिकाऱ्याची भाषा, व्यापाऱ्याची भाषा आणि घरातली भाषा यांतील अंतर प्रेक्षकाला ठाऊक असल्यानेच त्यावरचा विनोद उमजतो.

येथे आश्रयदाता यजमान असतो व एकक संच असते. तमाशाच्या फडाशी याचे साम्य स्पष्ट आहे. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडे येथे दत्तजयंतीला भरणारी एकमुखी दत्ताची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तमाशा व लोकनाट्याचे तंबूही तिच्यात लागत आले. यात्रेतील उलाढाल वाढली की फडाला दिवस मिळतात. पीक बुडाले की तंबू रिकामा राहतो. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथे शासनाच्या पर्यटन विभागाच्या साहाय्याने ‘चेतक फेस्टिव्हल’ सुरू झाला. यात्रेला आलेला माणूस आणि फेस्टिव्हलला आलेला पर्यटक हे दोन भिन्न प्रेक्षक आहेत. पहिल्याला रात्रभर बसावयाचे असते, तर दुसऱ्याला थोडक्या वेळात पुष्कळ पाहावयाचे असते. हा फरक प्रयोगाच्या लांबीवर, भाषेवर आणि विनोदावर परिणाम केल्याखेरीज राहत नाही.

४. शासकीय आश्रय : व्यक्ती आणि ‘कार्यक्रम’

स्वातंत्र्योत्तर काळात संगीत नाटक अकादमी (१९५३) व ललित कला अकादमी (१९५४) स्थापन झाल्या. पुढे १९८६ मध्ये उदयपूर येथे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र व नागपूर येथे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. महाराष्ट्र या दोहोंचा सदस्य आहे. नंदुरबारच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण येथील कलाप्रदेश राज्यसीमा जुमानत नाही. याहा मोगी आणि राजा पांठा यांच्या कथा-गीतांचे केंद्र असलेले देवमोगरा हे गुजरातच्या सागबारा तालुक्यात आहे. महाशिवरात्रीच्या तेथील यात्रेला नंदुरबारमधून मोठ्या संख्येने भाविक जातात. उत्तरेकडे मध्य प्रदेशातील बडवाणीशी पावरा-बारेला समाजांचे नाते आहे. उदयपूरच्या केंद्रात गुजरात येतो, मध्य प्रदेश येत नाही; नागपूरच्या केंद्रात मध्य प्रदेश येतो, गुजरात येत नाही. म्हणजे क्षेत्र ठरविताना राज्य हे एकक धरल्याने सातपुड्याचे एकसंध क्षेत्र दोन केंद्रांत विभागले गेले.

राज्यशासनाची वृद्ध कलावंत मानधन योजना दीर्घकाळ राष्ट्रीय, राज्य व स्थानिक अशा तीन श्रेणींत मानधन देत असे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात येऊन सरसकट दरमहा ५,००० रुपये ही रक्कम ठरली. श्रेणी जाऊन समानता आली, हे स्वागतार्हच आहे. तरीही अर्ज व्यक्तीनेच करावयाचा, वय, उत्पन्न व कलेतील कार्याची वर्षे तिनेच सिद्ध करावयाची, हे सूत्र कायम आहे. सोंगाड्या पार्टीतील वृद्ध नट या चौकटीत कसाबसा बसेल. नवसाने सोंग घेणारा बुध्या किंवा लग्नात गाणाऱ्या बायांपैकी एखादी वृद्धा कोणता पुरावा जोडणार? तिला कोणी मानपत्र दिलेले नसते व तिच्या गाण्याची पत्रिकाही छापलेली नसते.

पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था हस्तकला प्रदर्शने व पारंपरिक नृत्यस्पर्धा भरविते. अशा स्पर्धांमुळे दुर्गम पाड्यातील तरुणांना प्रवास घडतो, प्रतिष्ठा लाभते, हे नाकारता येणार नाही. परंतु स्पर्धेला आरंभ, शेवट आणि परीक्षक लागतो. होळीच्या नृत्यात हे तिन्ही नसतात. मग संचाला सारखे पोशाख येतात, रांगा सरळ होतात, प्रेक्षकांकडे तोंड करून नाचणे सुरू होते. वर्तुळातील नृत्याला समोरची बाजूच नसते. ती स्पर्धेमुळे निर्माण होते.

५. चळवळ व संशोधन : तिसरा आश्रय

शहादा परिसरात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेने जमीन व मजुरीचे प्रश्न हाती घेतले. तिच्या शिबिरांतून व मोर्चांतून गाणी रचली व गायिली गेली. याच चळवळीतून आलेले कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) हा संग्रह आदिवासी कवितेतील महत्त्वाचा टप्पा होय. त्यातील ‘स्टेज’ ही कविता आपल्या विषयाला थेट भिडते. ज्यांचे दुःख सांगितले जात आहे ते व्यासपीठाखाली आणि सांगणारे वर, ही तिच्यातील परिस्थिती कलाश्रयाच्या प्रश्नालाही लागू पडते.

सरदार सरोवर प्रकल्पात महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती सर्व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत आहेत. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी नर्मदा बचाओ आंदोलनाने तेथे जीवनशाळा सुरू केल्या. मुलांची बोली शिक्षणात आली आणि त्यांच्या बालमेळ्यांतून गाणी व नाच यांना जागा मिळाली. विस्थापनाचा विचार कलेच्या संदर्भात फारसा झालेला नाही. गाव हे आश्रयाचे एकक असेल, तर गाव उठल्यावर केवळ घरे व शेते जात नाहीत. कोणाच्या होळीला कोणी जावयाचे, हे ठरविणारी व्यवस्थाही विस्कटते. पुनर्वसनाच्या कोणत्याही हिशोबात तिची किंमत धरली जात नाही.

संशोधनाच्या क्षेत्रात गणेश देवी यांनी १९९६ मध्ये बडोदे येथे स्थापन केलेल्या ‘भाषा’ या संस्थेचे कार्य उल्लेखनीय आहे. तिच्या ‘ढोल’ या नियतकालिकाने आदिवासी बोलींना मुद्रित व्यासपीठ दिले; देहवालीचाही त्यात समावेश होता आणि चामुलाल राठवा यांच्यासारख्या त्या भाषेतीलच अभ्यासकाला त्यात स्थान मिळाले. अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात (२०१३) देहवाली, पावरी, मावची यांची नोंद झाली. येथे आश्रयाचे एकक भाषा हे आहे. गीत आणि सोंग यांचा प्राण भाषेत असल्याने हे एकक राज्यापेक्षा व व्यक्तीपेक्षा कलेच्या अधिक जवळ जाते.

६. एक आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप संभवतो, की परंपरागत गावव्यवस्थेचे हे उदात्तीकरण आहे. आक्षेपात तथ्य आहे. काठीच्या होळीतील सोंगे पुरुषांचीच आहेत. मेवासी सत्तेची उतरंड तिच्यात शिल्लक आहे. शिवाय परंपरेची चिकित्सा बाहेरच्यांनीच केली असेही नाही. तळोदे तालुक्यातील मोरवड येथील गुलाम महाराजांनी १९३८च्या सुमारास दारूबंदी व शुचितेचा उपदेश केला. त्यांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत. ढोलाच्या जागी आरती आणणारी ती चळवळही आदिवासींचीच होती. तेव्हा गावव्यवस्था अबाधित राहावी, असे येथे म्हणावयाचे नाही. काय टिकवावे व काय सोडावे, हे ठरविण्याचा अधिकार त्या व्यवस्थेत जगणाऱ्यांचा असावा, एवढेच म्हणणे आहे. युनेस्कोच्या २००३च्या अमूर्त वारसाविषयक करारानेही समूहाच्या सहभागाला हेच स्थान दिले असून भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला.

७. समारोप

वरील विवेचनातून असे दिसते, की नंदुरबार जिल्ह्यात कलाश्रयाची चार एकके एकाच वेळी वावरतात : गाव, संच, व्यक्ती आणि भाषा. शासकीय आश्रय प्रामुख्याने व्यक्तीवर व सुट्या कार्यक्रमावर स्थिरावला आहे. कलेचे वास्तव मात्र पहिल्या दोहोंत आणि चौथ्यात आहे. ही तफावत दूर करण्यासाठी मोठ्या वास्तूंची गरज नाही. होळीच्या काळात आश्रमशाळा व महाविद्यालयांच्या परीक्षांचे वेळापत्रक स्थानिक पंचांगाशी जुळविणे, ढोलाच्या लाकडासाठी व बांबूसाठी वनहक्काचा वापर सुकर करणे, मानधनासाठी ग्रामसभेचा दाखला पुरावा म्हणून ग्राह्य धरणे, या गोष्टी अल्प खर्चात होण्याजोग्या आहेत.

मराठी विभागांपुढील कर्तव्य वेगळे आहे. या परिसरातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते १९९० मध्ये स्थापन झाले व २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या कवयित्रीचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात मौखिक प्रतिभेला पुरावा मागण्याची वेळ येऊ नये. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून गीते व सोंगे नोंदविली जातात, पण बहुधा मराठी भाषांतरच जपले जाते आणि मूळ बोलीतील पाठ वहीतच राहतो. मूळ पाठ, गाणाऱ्याची संमती आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या गावात, एवढा दंडक प्रत्येक विभागाने स्वतःस घालून घेतला, तरी विभाग हीच एक कलाश्रय देणारी प्रादेशिक संस्था ठरेल. वर्गात बसलेल्या देहवाली किंवा पावरी भाषक विद्यार्थ्याला प्रश्न विचारून या कामाला आरंभ करता येईल.