‘काही सापडलं नाही’

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६



मधले सात आठवडे चिंतनात खंड पडला. ज्यांनी विचारपूस केली त्यांना मी ‘तब्येत जरा बरी नाही’ एवढंच सांगितलं. आज नीट सांगते. आजचे श्लोक मी याआधी तीन-चार वेळा वाचले असतील, पण ते मला भेटले या सात आठवड्यांत.

दीड वर्षापासून माझ्या ओटीपोटात दुखतंय. आधी फक्त पाळीच्या दिवसांत दुखायचं, मग एरवीही दुखू लागलं. रिक्षा खड्ड्यातून गेली की, लांबलेल्या मीटिंगमधून उठताना, कधी नुसतं बसल्या जागी कळ यायची. सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला, हार्मोनच्या गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, एंडोमेट्रिओसिस आहे का ते दुर्बिणीतून बघू. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, तो हा आजार. सोनोग्राफीत तो दर वेळी दिसतोच असं नाही.

भूल उतरत असताना पहिलं वाक्य कानावर आलं, “सगळं स्वच्छ आहे, काही सापडलं नाही.” एका जागी शंका आली म्हणून तपासणीला पाठवलेला तुकडासुद्धा दहा दिवसांनी निर्दोष निघाला. घरी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवापुढे साखर ठेवली. “अगं, केवढी कृपा! काही निघालं नाही.” मी मान हलवली, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

ते रडू आनंदाचं नव्हतं, कारण दुखणं होतं तिथेच होतं. मला आजार हवा होता असं नाही, पण दुखण्याला नाव हवं होतं. ऑफिसात सांगता येईल, नवऱ्याला समजावता येईल, ज्यावर औषध मागता येईल असं नाव. आमच्या कामात एखादा बग टेस्टिंगमध्ये परत दाखवता आला नाही तर तिकिटावर ‘कॅनॉट रिप्रोड्यूस’ असा शेरा मारतात आणि ते बंद करतात. मीही अशी कितीतरी तिकिटं बंद केली आहेत. ज्याला तो बग रोज छळतो त्याला काय वाटत असेल, ते त्या दिवशी कळलं.

मग मी स्वतःच चौकशी अधिकारी झाले. बिघाडाचं मूळ शोधायला आम्ही ‘पाच वेळा का’ विचारतो. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली ही पद्धत. सर्व्हर का पडला? मेमरी संपली म्हणून. ती का संपली? असं एकेक पायरी खाली उतरायचं, तळाशी मूळ कारण सापडतं. रात्री तीन वाजता मी हेच पोटाला लावायची. का दुखतंय? दिवसभर बसून असतेस म्हणून. का बसतेस? कामाची हाव. मग मूल का पुढे ढकललंस? सुरुवातीला दुखलं तेव्हाच का नाही गेलीस डॉक्टरकडे? कुठूनही निघाले तरी तळाशी एकच उत्तर असायचं : मी. मावशीने तर फोनवर त्याच्याही खालची पायरी दाखवली. “मागच्या जन्मीचं काही असेल गं.”

अशा मनाने मी अठरावा अध्याय उघडला.

तिथे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की कोणतंही कर्म पूर्ण होतं त्यामागे पाच कारणं असतात. अधिष्ठान, म्हणजे जिथे सगळं घडतं ती जागा, आपला देह. कर्ता. करण, म्हणजे वेगवेगळी इंद्रियं, साधनं. चेष्टा, म्हणजे नाना प्रकारच्या हालचाली. शंकराचार्यांच्या भाष्यात या चेष्टा म्हणजे प्राण, अपान वगैरे वायूंचे व्यापार. आणि पाचवं दैव. आपण दैव म्हणजे नशीब असं पटकन म्हणतो, भाष्यात मात्र इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता असा अर्थ दिला आहे. पुढे पंधराव्या श्लोकात म्हटलंय की शरीराने, वाणीने, मनाने माणूस बरं-वाईट जे काही करतो त्याला हीच पाच कारणं आहेत. आणि सोळाव्यात जरा कडक शब्द आहेत : असं असूनही जो एकट्या आत्म्यालाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी तयार झालेली नाही, त्याला खरं दिसत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. हे श्लोक कर्माबद्दल आहेत, आजाराबद्दल नाहीत. त्यांचा खरा रोख आत्म्याच्या अकर्तेपणावर आहे आणि त्या उंचीवर मी पोचलेली नाही. मला त्यातून मिळाली ती विचाराची एक रीत. ‘पाच वेळा का’मधली कारणं एकाखाली एक असतात, म्हणून शेवटी कुणीतरी एक तळाशी सापडतो आणि पकडला जातो. गीतेतली पाच कारणं पंगतीला बसल्यासारखी शेजारी शेजारी आहेत. कर्ता त्या पंगतीत आहे, पण एकटा नाही. दैवही आहे, पण तेही एकटं नाही.

गंमत म्हणजे गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी जवळपास हेच सांगितलं, त्यांच्या भाषेत. ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यासाठी दुर्बीण घातली तर एक तृतीयांश ते निम्म्या बायकांमध्ये काही दिसत नाही. म्हणून त्यांचं दुखणं खोटं ठरत नाही. कॅमेरा अवयवांचा बाहेरचा पृष्ठभाग दाखवतो. स्नायू किती आखडलाय, नस किती हळवी झालीये, मूत्राशय किंवा आतडं कसं वागतंय, हे त्यात दिसत नाही. गर्भाशयाच्या भिंतीच्या आत काही असेल तर तेही निसटू शकतं. शिवाय दुखणं सहा महिन्यांच्या वर रेंगाळलं की मज्जारज्जू आणि मेंदू दुखण्याच्या बाबतीत जास्तच सावध होऊ शकतात. धूर निघून गेला तरी अलार्म वाजत राहतो, तसं.

ऑपरेशननंतर दोन दिवस माझा उजवा खांदा ठणकत होता. मी घाबरले होते. नर्सने समजावलं की दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यातला उरलेला वायू श्वासपटलाला डिवचतो, आणि तिथली नस मानेतून जिथून निघते तिथूनच खांद्याच्या संवेदनाही जातात. दुखतं खांद्यात, कारण पोटात. दुखण्याची जागा आणि दुखण्याचं कारण एकच असतं हा माझा हट्ट तिथेच सुटायला हवा होता.

तपासताना डॉक्टरांनी दुखऱ्या जागी बोट दाबून धरलं आणि मला मान वर उचलायला सांगितली. दुखणं वाढलं. म्हणाल्या, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या स्नायूंचाही यात वाटा असणार. फिजिओथेरपिस्टने तपासलं तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले निघाले. म्हणजे मी दीड वर्ष कळेच्या भीतीने अंग चोरून बसत होते, आणि त्या बसण्यानेही कळ वाढत होती. आता रोज दहा मिनिटं उताणं पडून, गुडघे वाकवून, श्वास पार खालपर्यंत नेऊन ते स्नायू सैल सोडायला शिकतेय. आयुर्वेदात अपान वायूचं स्थान हेच, कमरेखालचं. चेष्टा हा शब्द वाचला की आता मला हा श्वास आठवतो.

सगळं कळलं का? नाही. पूर्ण नाव अजून मिळालेलं नाही, कदाचित एकच नाव मिळणारही नाही. परवा रात्री परत दुखलं. पण या वेळी मी पायऱ्या उतरले नाही. उठून वहीत पाच रकाने आखले.

देह : कुठे दुखतंय, पाळीचा कितवा दिवस.
कर्ता : मन कसं आहे, कशाची भीती वाटतेय.
करण : लघवी, पोट साफ, झोप, पाठ.
चेष्टा : आज किती बसले, किती चालले, श्वास, शेक, गोळी.
दैव : जे आज माझ्या हातात नाही ते.

ही वाटणी माझी आहे, भाष्यकारांची नाही. पण तीन आठवडे भरली की डॉक्टरांना दाखवण्यासारखं काहीतरी हातात असेल. आणि पाचव्या रकान्याचा मला वेगळाच उपयोग झाला. ‘पुढची तारीख’, ‘मूल होईल का’, ‘लोक काय म्हणतील’ हे तिथे लिहिलं की बाकीच्या चार रकान्यांत ते घुसत नाही. दैवाला त्याची जागा दिली, म्हणजे ते सगळी वही व्यापत नाही.

आपल्यातल्या कुणाची नुकतीच अशी तपासणी झाली असेल तर एक सांगते. ताप येणं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, टाक्यांतून पू, घाण वासाचा स्राव, जास्त रक्तस्राव, लघवी अडणं, पोटरीला सूज किंवा धाप लागणं, यांसाठी वही नाही, लगेच डॉक्टर. श्लोक वाचत बसू नका. आणि ‘काही सापडलं नाही’ ऐकून घरी आला असाल, दुखत असेल, तर परत जा. ‘मग आता पुढे काय तपासायचं?’ असं विचारा. हा प्रश्न विचारणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. साखर ठेवणाऱ्या आईंनाही मी तो समजावला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “मलाही तुझ्या वयात दुखायचं. कुणाला सांगितलंच नाही.” त्या रात्री शेकाची पिशवी त्यांनीच भरून दिली.

आजचा अभ्यास : जी गोष्ट ‘माझ्यामुळेच झाली’ असं तुम्ही मनात धरून बसला आहात ती एक निवडा. पाच रकाने आखा. कर्त्याच्या रकान्यात खरं असेल तेवढंच लिहा, कमीही नाही, जास्तही नाही. बाकीचे चार भरल्याशिवाय वही मिटू नका.

हे श्रीकृष्णा, कारण कळो न कळो, आजच्या दिवसापुरती माझी चेष्टा माझ्याकडून नीट करून घे. उरलेलं तुझ्या रकान्यात.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥